गाठ तीच, वस्तू नवी



आधी माझी चूक सांगते. स्टॉलसाठी मी एका गटाला मोबाईलवरचे तोरणांचे फोटो दाखवले आणि "अशीच बनवा" म्हटलं. तायांनी रात्री जागून ती बनवली. प्रदर्शनात बघतो तर शेजारच्या तीन स्टॉलवर तीच तोरणं! गिऱ्हाईक नुसता भाव पाडत होतं. निम्मा माल परत आला. पुढच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "पोरी, आम्हाला जाळं विणता येतं, ते तू कधी विचारलंच नाहीस."

मावशींचं खरं होतं. म्हणून यावेळचा धडा गाठीचा.

मृणालिनी मुखर्जी यांचं नाव लक्षात ठेवा. जन्म मुंबईचा, १९४९ चा. बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे त्या कला शिकल्या. मूर्ती म्हटलं की आपल्याला दगड नाहीतर माती आठवते. यांनी जाड दोर घेतला. तो रंगवायचा आणि हाताने गाठी मारत जायचं. माग नाही, आधी काढलेलं चित्रही नाही. त्यातून माणसाएवढ्या, कधी त्याहून उंच मूर्ती उभ्या राहिल्या. 'यक्षी' १९८४ ची, 'वनश्री' १९९४ ची. "दोराच्या गाठी म्हणजे हस्तकला, ही कसली कला?" असं म्हणणारे तेव्हाही होते. त्यांनी काम सोडलं नाही. २०१५ मध्ये त्या गेल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं.

मुंबईच्याच मोनिका कोरिया यांनी मागाची फणी काढून टाकली. त्यामुळे ताण्याचे धागे मोकळे होऊन तिरके, वळणाचे जाऊ लागले. हत्यार जुनंच होतं, वापर नवा केला.

आता आपल्याकडे या. फेकायचं गोल जाळं आठवा. वर थोड्या आस घेऊन सुरुवात, मग फेरीफेरीला आस वाढवत खाली घेर. आस वाढवली की घेर होतो, कमी केली की गळा आवळतो. क्रोशाचे टाकेही असेच चालतात. म्हणजे सपाट विणीला उभा आकार द्यायची विद्या करंजा-मोऱ्याच्या घरांत आहेच!

करून बघा

१. सुतळीचे चार पदर टांगा. मधले दोन सरळ ठेवा, बाहेरच्या दोघांनी त्यांच्यावर गाठ मारा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून केलं तर सपाट पट्टी होते. एकाच बाजूने मारत गेलात तर पट्टी आपोआप पिळते.

२. गाठी दोर खूप खातात. तयार लांबीच्या साधारण चौपट दोर धरा.

३. आकार फोनमध्ये शोधू नका. तिवरांची मुळं बघा, शंख बघा. घारापुरीची लेणी आपल्याच तालुक्यात आहेत. तिथल्या मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्या बघा. मृणालिनीताईंच्या मूर्तीची नक्कलही करू नका. त्यांची बघण्याची रीत घ्या.

४. वहीत लिहा: दोर, रंग, लागलेले तास, जाण्यायेण्याचा खर्च. आपल्या तासांचे पैसे धरल्याशिवाय भाव सांगायचा नाही.

एक सावधगिरी. पहिल्यांदा दोनच नमुने करा. दिव्याची जाळी किंवा भिंतीवरची टोपली चालेल. यासाठी गटातून कर्ज उचलू नका. ते विकलं जाईलच असं मी सांगू शकत नाही. गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकून मग पुढचं ठरवू.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला नमुना घेऊन या. आणि घरात जाळं विणणारी आजी असेल तर तिलाही आणा. यावेळी शिकवणार ती आहे, मी खाली बसून शिकणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, उरण