केराला शीव नसते

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे आपल्या भागात नारबोद काढतात. नागपूरकडे तिलाच मारबत म्हणतात. गावातला खोकला, पडसे, डास, माश्या, सारी रोगराई तिच्या माथी देऊन पोरेसोरे आरडाओरडा करीत तिला शिवेबाहेर घालवून येतात. लहानपणी मला वाटे, शिवेपलीकडे कोणी राहतच नसावे. पुढे कळले की आपली शीव संपते तिथेच शेजारच्या गावाची सुरू होते, आणि ते गावकरीही त्याच पहाटे आपली नारबोद आपल्याच बांधावर आणून सोडीत असतात!

रोगराईचे असो. घरातल्या केराच्या बाबतीत मात्र आपण रोजच नारबोद काढतो. पिशवीला गाठ मारली, कोपऱ्यावर भिरकावली, की आपल्या मनाने तो केर संपला. प्रत्यक्षात तो नालीत जातो आणि पावसाळ्यात नालीतून वैनगंगेत. सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी बालाघाटहून पुढे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली असा प्रवास करून वर्धेला मिळते, प्राणहिता होते आणि गोदावरीतून समुद्र गाठते. आपल्या मुलीबाळी ज्या गावांत दिल्या, त्याच गावांच्या घाटांवर आपला केर जातो.

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहावे अशी आज्ञा झाली, तेव्हा हा विषय मी मुद्दाम निवडला. सभासद बंधु-भगिनींनी नाक मुरडू नये. केर हा घराचा आरसा आहे.

जुन्या घराचा हिशेब

पूर्वीच्या घरात केर निघत नसे असे नाही. पण घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला पुढचा धनी ठरलेला असे. भाताचे तणस आणि भाजीची देठे गुरांना, चुलीतली राख भांड्यांना, शेण गोवरीला नाहीतर उकिरड्याला. लुगडे जुने झाले की त्याची गोधडी, गोधडी विरली की पोतेरे. वाण्याच्या पुडीचा कागद पुन्हा कामी येई आणि तिचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवीत. तेलाला घरची बरणी, किराण्याला कापडी पिशवी, धान्याला बुरडाने विणलेली बांबूची टोपली. पंगत पळसाच्या किंवा माहुलाच्या पत्रावळीवर बसे, आणि पंगत उठली की पत्रावळ उकिरड्यावर जाऊन पुढच्या वर्षी शेतात खत होऊन पडे.

या काळाला सोन्याचे पाणी देण्याचे मात्र कारण नाही. उकिरडा दाराशी असे, माश्या घोंगावत, पटकीची साथ येई. शिवाय ज्यांच्याकडून गावाने आपली घाण उचलून घेतली, त्यांनाच गावाने दूर ठेवले. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) खराटा हाती घेतला तो या दोन्ही घाणींवर. दिवसा ते गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात मने झाडीत. तेव्हा तो काळ जसाच्या तसा परत आणायचा नाही. त्यातला एकच प्रश्न परत आणायचा आहे: या वस्तूचा पुढचा धनी कोण?

वेष्टनाची गोष्ट

या प्रश्नाला उत्तर नसलेली वस्तू म्हणजे आजचे वेष्टन. पॉलिथिनचा शोध १९३३ साली इंग्लंडमध्ये लागला. १९६५ साली स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीला हातात धरायच्या अखंड प्लास्टिक पिशवीचे पेटंट मिळाले. ती पिशवी हलकी, स्वस्त, पाण्याने न भिजणारी. दोष तिच्या याच गुणात आहे: जी पाण्याने भिजत नाही ती मातीतही कुजत नाही.

आपल्या देशात १९७० नंतरच्या दशकात तमिळनाडूतील कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शांपू लहान पुडीत आणला. १९८३ साली त्यांच्या मुलाने तीच वाट पुढे नेली. रोजमजुरी करणाऱ्या बाईला सबंध बाटली परवडत नव्हती, पुडी परवडली. यात तिचा काही दोष नाही. परंतु पुढे चहा, मसाला, बिस्कीट, कुरकुरे सारेच पुडीत आले, आणि बाटली घेण्याची ऐपत असलेल्या आपणही पुडीच घेऊ लागलो.

ही चकाकणारी पुडी वरवर एक दिसते, पण आत प्लास्टिकचे आणि बहुधा ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करण्याचा खर्च मालापेक्षा जास्त. म्हणून कबाडी दुधाची स्वच्छ पिशवी घेतो, पाण्याची बाटली घेतो, पुठ्ठा घेतो. ही पुडी फुकट दिली तरी घेत नाही.

चहाच्या कागदी पेल्याचीही तीच गत. चहा गळू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचे अस्तर असते. बाजारातल्या चंदेरी पत्रावळीवरही असाच पापुद्रा असतो. नाव पत्रावळीचे, पण पान त्यात औषधालाही नाही!

एका गाईची हकीकत

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात शेजाऱ्यांची गाय चारा सोडून बसली. पोट फुगलेले, रवंथ बंद. गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडले तेव्हा आतून पिशव्यांचा एकात एक गुंतलेला गोळा निघाला. गाय वाचली नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. गाय पिशवी खात नाही, पिशवीतले अन्न खाते. तिला गाठ सोडता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. पिशवी पहिल्या पोटात अडकून राहते. पचतही नाही, पुढे सरकतही नाही.

आमच्या घरी उरलेल्या पोळ्या पिशवीत घालून, घट्ट गाठ मारून, गाईसाठी म्हणून कोपऱ्यावर ठेवण्याची रीत होती. त्या गोळ्यात आमच्या घरची गाठ नव्हती, असे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पुण्य समजून आम्ही काय करीत होतो, हे त्या दिवशी कळले.

केराचे चार वाटे

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करायला सांगितले. गृहिणीच्या सोयीसाठी मी सुक्याचे दोन करून चार वाटे सांगतो.

पहिला, कुजणारा: साली, देठे, खरकटे, निर्माल्य. हे घरच्या घरी खत होते. 
दुसरा, विकणारा: रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, डबे, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. 
तिसरा, नकोसा: पुड्या, थर्माकोल, अस्तरी पेले. हा वाटा जितका लहान, तितके घर शहाणे. 
चौथा, घातक: औषधे, सुया, सेल, दिव्याच्या नळ्या. हा निराळा ठेवून गाडीवाल्याला सांगून द्यावा. वापरलेले पॅड व लंगोट कागदात गुंडाळून, खूण करून द्यावेत. ते उचलणारा हातही माणसाचाच आहे.

केर पेटवून मोकळे होणे ही सर्वांत वाईट वाट. प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि तो आधी आपल्याच मुलांच्या छातीत जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली उघड्यावर केर जाळणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरवला तो उगीच नाही.

खताची विद्या आपल्याच प्रदेशातली

कुजवण्याची विद्या आपल्याला बाहेरून आणावयाची नाही. आज जगभर जी 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या संस्थेत सिद्ध केली. १९३१ साली तिच्यावर ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, भिंतीत हवेसाठी झरोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर देऊन खत करण्याची रीत घालून दिली. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. साधारण तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

घरी टाके नको. भोके पाडलेली जुनी बादली पुरे. ओल्या केरावर दर वेळी मूठभर सुका पाला आणि थोडी माती टाकावी. वास आला तर समजावे, ओल जास्त झाली. आणखी पाला घालावा. एवढेच शास्त्र.

त्याच इंदूर शहराने २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग अनेक वर्षे पहिला क्रमांक राखला. तेथे २०२२ साली रोज ५५० टन ओल्या केरापासून गॅस करण्याचा कारखाना सुरू झाला. पण त्या कारखान्याचे मूळ घरोघरच्या स्वयंपाकघरात आहे. ओल्यात सुके मिसळले तर कितीही मोठे यंत्र अडते.

पंगतीचा प्रश्न

आता शेवटचे आणि आपल्या घरचे. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, चमचे, थर्माकोलच्या ताटल्या, इतकेच काय, मिठाईच्या खोक्यावरचा व लग्नपत्रिकेवरचा प्लास्टिकचा पापुद्राही देशभर बंद झाला. तरी आपल्या लग्नाच्या मांडवामागे सकाळी काय पडलेले असते, ते आपण सर्वजण पाहतो. वर्षभरात घर जेवढे वाचवते तेवढे एका पंगतीत जाते.

आपल्या ट्रस्टने आजवर विद्यार्थ्यांना पुस्तके दिली, अडल्यानडल्याला आधार दिला. महोत्सवाच्या वर्षी त्याने एक भांडीघर उभारावे: स्टीलची ताटे, वाट्या, पेले, पिंपे. सभासदांनी ती कार्याला न्यावीत, घासून मोजून परत द्यावीत, आणि धुणाऱ्या बायांना पुरता मोबदला द्यावा. जिथे भांडी पुरणार नाहीत तिथे पापुद्रा नसलेली खरी पानाची पत्रावळ घ्यावी. आपल्या जिल्ह्यात जंगलाला तोटा नाही. पाने गोळा करून पत्रावळ टाचणाऱ्या हातांना त्यातून चार पैसे मिळतील.

गृहपाठ

प्रत्येक घराने आठ दिवस एवढेच करावे. तिसऱ्या वाट्याचा केर, म्हणजे ज्याला धनी नाही तो, एका पोत्यात साठवावा, टाकू नये. आठव्या दिवशी मुलांना बसवून तो मोजावा. कोणती पुडी सर्वांत जास्त निघाली, ती कोणी आणली, तिच्याऐवजी काय आणता येईल, हे मुलांनाच विचारावे. मुलांची उत्तरे आपल्यापेक्षा सरळ असतात. महिन्याने पुन्हा आठ दिवस मोजावे. पोते अर्धे झाले तर समजावे, धडा पाठ झाला.

नारबोद वर्षातून एकदाच काढावी, आणि ती रोगराईची काढावी. आपल्या घरातली वस्तू मात्र शेजाऱ्याच्या शिवेवर सोडू नये. ती आणतानाच तिची पुढची वाट पाहून ठेवावी, एवढीच या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व कुटुंबांना नम्र विनंती.