ढग नसताना चढणारे पाणी

आपल्या गावातले कोणी ना कोणी मुंबईला असतेच. कोणाचा भाऊ लालबागला, कोणाचा पुतण्या परळला. लालबाग-परळ हा पूर्वी कापड गिरण्यांचा भाग. १९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला, आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या बंद पडल्या. आज तिथे उंच इमारती दिसतात. काही जुन्या चाळीही आहेत. चाळीतली पुष्कळ माणसे मूळची कोकणातली, घाटावरची. मुंबईत जन्म गेला तरी नदीची ओढ सुटत नाही. सुट्टी मिळाली की गळ घ्यावा, नदीवर जावे, दोन रात्री उघड्यावर काढाव्या, असे त्यांना वाटते.

जातात कुठे? दादरला कर्जतची लोकल धरली की सुमारे दोन तासांत कर्जत येते. तिथून पेज नदीच्या काठी जाता येते. पेज पुढे उल्हास नदीला मिळते. समजा, लालबागच्या एका चाळीतले पाच जण पौष महिन्यात तिकडे निघाले आहेत. त्यांनी आधी काय काय ठरवावे, ते आम्ही इथे सांगणार आहोत. तुमचे गाव नदीकाठी असेल तर अशी माणसे तुमच्याकडेही येतील. म्हणून हा पाठ तुमच्याही कामाचा आहे.

पौषातच का जायचे? पावसाळ्यात का नाही? पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे पाण्याच्या उलट वर चढतात. ते अंडी घालायला जातात. त्यांच्या पोटात गाबोळी असते. त्या वेळी मासा सहज हाती लागतो, हे खरे. पण एक गाभण मासा धरला म्हणजे पुढची हजारो पिल्ले गेली. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी सरकार बंद ठेवते, ती याच कारणाने. शिवाय पावसाळ्यातली नदी म्हणजे जिवाशी खेळ.

थंडीत मात्र मासा सुस्त असतो. तो खोल डोहात तळाशी बसतो, फारसे खात नाही. गळाला गांडूळ लावा, नाहीतर कणकेची गोळी लावा, तासन् तास बसावे लागते. ऊन जरा तापले की मग मासा हलतो. तेव्हा मासा मिळेलच, या भरवशावर कोणी जाऊ नये. शिधा बरोबर हवाच. हिशेब सोपा आहे. माणसे ५, जेवणे ४, एका जेवणाला माणशी तांदूळ १२५ ग्रॅम.

५ × ४ × १२५ = २५०० ग्रॅम, म्हणजे अडीच किलो.

डाळ, मीठ, मसाला, कोकम हे वेगळे. निघण्यापूर्वी लालबागच्या बाजारातून थोडी सुकटही घ्यावी. मासे धरायला निघालेला माणूस बाजारातून सुकट घेतो, याला कोणी हसले तर हसू द्यावे. रात्री भाताबरोबर तीच कामाला येते.

आता मुख्य गोष्ट. पौष महिना आहे. आभाळ निरभ्र आहे. पावसाचा थेंब नाही. नदीच्या पात्रात मधेच छान वाळू आहे, सपाट खडक आहे. तिथेच ताडपत्री टाकून झोपावेसे वाटते. पण झोपू नये! या नदीचे पाणी ढग नसतानाही चढते.

हे कसे होते, ते समजून घ्या. कर्जतच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, भिवपुरीचे वीजघर आहे. (भिवपुरी रोड नावाचे रेल्वे स्टेशन आहे, पण वीजघर तिथे नाही. ते बरेच दूर आहे.) घाटावर मावळात ठोकरवाडीचे धरण आहे. हे पाणी मुळात पूर्वेकडे जाणारे. ते आंध्रा नदीतून इंद्रायणीत, इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत असे थेट बंगालच्या उपसागराला गेले असते. ते अडवले, बोगद्यातून पश्चिमेला वळवले, आणि मोठमोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडले. त्या जोराने चक्रे फिरतात आणि वीज तयार होते. काम झालेले पाणी पेज नदीत येते. १९१५ साली खोपोलीची आणि १९२२ साली भिवपुरीची वीज सुरू झाली. लालबाग-परळच्या गिरण्यांतले माग या पाण्याच्या विजेवर चालले. ते चालवणाऱ्यांचे नातू आज त्याच पाण्यात गळ टाकतात.

आज मुंबईला वीज आणखी पुष्कळ ठिकाणांहून येते. पण पाण्याच्या विजेचा एक गुण आहे. कोळशाचे वीजघर तापायला वेळ लागतो. पाण्याचे चक्र काही मिनिटांत फिरू लागते. म्हणून एकदम जास्त वीज लागली की ही चक्रे फिरवतात. तिकडे मुंबईत दिवे लागतात, इकडे पेजेचे पाणी वाढते. गुडघाभर होते ते कमरेला लागते. मधल्या वाळूवर झोपलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी पाणी वेढते. अंधारात त्याला काठ दिसत नाही. पोहता येते म्हणून तो उडी घेतो, आणि तिथेच घात होतो. खोपोलीखालची पाताळगंगा आणि भिऱ्याखालची कुंडलिका या नद्यांचेही असेच आहे.

हेच पाणी आहे म्हणून भर उन्हाळ्यातही पेज वाहती असते. राजनाला कालव्यावर उन्हाळी भात पिकते. पाणी वाईट नाही. पण त्याची वेळ आपल्याला ठाऊक नसते.

मग ओळखायचे कसे? काठच्या दगडांकडे पाहा. पाणी जिथवर चढते तिथवर शेवाळाचा पट्टा असतो. झुडपांत काडीकचरा अडकलेला असतो. मुक्काम त्या खुणेच्या बराच वर करावा. पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकावी आणि तासातासाने पाहावी. खुंटी बुडू लागली की गळ गुंडाळून वर यावे. "एवढा मासा लागतोय, तो काढून येतो," असे म्हणू नये. रात्री नदी ओलांडायची नाही, आणि दारू पिऊन पाण्यात तर मुळीच नाही.

सगळ्यांत चांगली खूण म्हणजे गावातला माणूस. आधी गावात जावे आणि विचारावे, "दादा, पाणी कुठवर येतं? कधी येतं?" मासे धरायचा हक्क कोणाकडे आहे तेही विचारावे. काही ठिकाणी तो सहकारी संस्थेकडे असतो. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ सालच्या कायद्यानेच गुन्हा ठरले आहे. जिथे उतरणार त्या शेताच्या मालकाची परवानगी घ्यावी. पौषात तिथे वालाचे पीक असते. मालक खूश झाला तर पोपटीलाही बोलावील. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ घालतात, पाणी मुळीच नाही. मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. ती चव आम्ही काय सांगावी!

आणि तुम्हीच त्या गावचे असाल तर विचारण्याची वाट पाहू नका. पात्रात कोणी बिछाना टाकताना दिसले, तर हाक मारून उठवा. शहरातली पोरे कधी उलट बोलतात. तरी उठवा.

रात्री थंडी चांगलीच पडते, घोंगडी हवी. सकाळी चपला झाडून घालाव्या, आत विंचू असतो. साप चावला तर मांत्रिक नको. १०८ नंबरला फोन करावा आणि सरकारी दवाखाना गाठावा.

परतताना चूल पाण्याने विझवावी, कचरा बरोबर न्यावा. मासे मिळाले असतील तर ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवावे, आणि लोकलला टोपली घेऊन मालडब्यात चढावे. तिथे माशांच्या वासाला कोणी नाक मुरडत नाही.