म्हातारचळ की आजार?

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. मी साठी केव्हाच ओलांडली आहे, आणि ही म्हण मला बिलकूल मान्य नाही. वय झाले की केस पिकतात, गुडघे दुखतात, एखादे नाव पटकन आठवत नाही. पण नुसत्या म्हातारपणाने बुद्धी जात नाही. ती जाऊ लागली तर तो आजार असतो. आणि आजार म्हटला की कारण शोधावे लागते.

मग साधे विसरणे कोणते, आणि आजार कोणता?

विळा कोठे ठेवला ते विसरले, शोधला, सापडला. हे साधे विसरणे. तुमचे आमचे रोजचेच. पण विळा हातात आहे आणि त्याचे करायचे काय ते कळेना, हे साधे नव्हे. जिने तीस वर्षे हिरडा वेचला, वाळवला, विकला, तिला सुट्टे पैसे मोजता येईनात. ज्यांनी जन्मभर भात पिकवले, ते बाबा भर पावसात म्हणू लागले, "राब भाजायला चला." जेवून अर्धा तास झाला नाही तोच, "मला कोणी जेवायला घातलं नाही," म्हणून रडू लागले. सुनेला वाटते, सासूबाई मुद्दाम चारचौघांत आपल्याला नावे ठेवतात. शेजारी म्हणतात, म्हातारचळ लागला. कोणी म्हणतो, बाहेरचं काहीतरी असेल, भगताला दाखवा.

मंडळी, ती माणसे नाटक करत नाहीत. त्यांना जेवल्याचे खरोखरच आठवत नाही.

दवाखान्यात गेलात तर दोन शब्द कानावर पडतील. डिमेन्शिया आणि अल्झायमर. दोन्ही एकच, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ताप हा शब्द घ्या. अंग तापले की आपण म्हणतो, ताप आला. पण कशाने आला? हिवतापाने येतो, विषमज्वराने येतो, गळू पिकले तरी येतो. डिमेन्शियाचे तसेच आहे. मराठीत त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. आठवण, समज, बोलणे, हिशेब हे इतके बिघडले की रोजचे व्यवहार एकट्याला जमेनात, म्हणजे स्मृतिभ्रंश. तो झाला तापासारखा. अल्झायमर हे त्यामागच्या एका आजाराचे नाव. स्मृतिभ्रंशाच्या शंभर रोग्यांत साधारण साठ ते सत्तर जणांत अल्झायमर असतो. बाकीच्यांत कारण दुसरे असते.

अल्झायमर हे एका जर्मन डॉक्टरांचे आडनाव. १९०१ साली फ्रँकफर्ट शहरात त्यांच्याकडे एक बाई आली. वय अवघे एक्कावन्न. तिला स्वतःचे नाव लिहिता येईना. १९०६ साली ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मेंदूत ठिकठिकाणी किटणासारखे थर साचले होते, आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. म्हणजे खराबी मेंदूत होती. भूतबाधा नव्हती, करणी नव्हती. आणि त्या बाईची साठीही झाली नव्हती, हेही ध्यानात घ्या.

हा आजार शिकलेल्यालाही सोडत नाही. जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. मुंबईतले कामगार पुढारी. १९७४ चा रेल्वे संप त्यांनी चालवला, पुढे देशाचे संरक्षणमंत्री झाले. अनेक भाषा बोलणाऱ्या या माणसाला शेवटची काही वर्षे अल्झायमरने घेरले. २०१९ साली ते वारले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे.

दुसरे मोठे कारण रक्तवाहिन्यांचे. रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, तंबाखू-विडी चालू. मग मेंदूतली एखादी रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, आणि तेवढा भाग निकामी होतो. आपल्या भीमाशंकरहून कोकणात उतरायला दोन वाटा आहेत. गणेश घाटाने माणूस हळूहळू उतरतो. शिडी घाटाने एकदम खाली. अल्झायमर हा गणेश घाटासारखा. केव्हा सुरू झाला ते सांगता येत नाही. आधी कालपरवाचे जाते, जुने राहते. आजीला माहेरची विहीर आठवते, पण सकाळी कोण आले होते ते आठवत नाही. रक्तवाहिन्यांचा स्मृतिभ्रंश पुष्कळदा शिडी घाटासारखा. एक झटका आला की एक पायरी खाली. काही दिवस तसेच, मग आणखी एक. काही जणांत दोन्ही आजार एकत्र असतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. काही विसरणे उपचाराने सुधारते, आणि लवकर ओळखले तर पुष्कळ सुधारते. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व कमी पडले तरी माणूस विसरू लागतो. ते दूध, अंडी, मांस, मासळी यांतून मिळते. माळकरी माणूस, त्यात घरात दुभते नाही, तर ते कमी पडू शकते. त्याला इंजेक्शने आहेत. गळ्यातली थायरॉइडची गाठ मंद पडली तर गोळी आहे. मनाला उदासी लागली, जोडीदार गेला, तरी माणूस हरवल्यासारखा होतो. त्यालाही औषध आहे. झोपेच्या गोळ्यांनी बुद्धीवर झापड येते. दारूने मेंदू खराब होतो. आणि एक आपल्याकडचे. बांधावरून पाय घसरला, हिरड्याच्या झाडावरून पडले, डोक्याला मार लागला. वरून जखम नाही. पण काही आठवड्यांनी बाबा सुस्त झाले, बरळू लागले. डोक्याच्या आत रक्त साकळलेले असू शकते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर माणूस पूर्ववत होऊ शकतो. अशा माणसाला भगताच्या दारात आठ दिवस बसवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे.

माणूस कालपर्यंत ठीक होता आणि आज एकदम भ्रमला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते बहुधा जंतूंमुळे, पाणी कमी पडल्याने किंवा झटक्याने झालेले असते.

डॉक्टर प्रश्न विचारतात. आज तारीख काय, हे लिहा, ते वाचा. ज्याने कधी शाळा पाहिली नाही, त्याला तारीख सांगता आली नाही म्हणजे तो आजारी, असे नव्हे. म्हणून घरच्या माणसाने सोबत जावे. पूर्वी काय जमत होते, आता काय जमत नाही, कधीपासून, ते सांगावे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. मग रक्त तपासतात, गरज पडल्यास डोक्याचा स्कॅन काढतात.

अल्झायमर ठरला तर तो मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. हे स्पष्ट सांगितलेले बरे. कोणी जडीबुटीने खात्रीने बरा करतो म्हणाला तर पैसे देऊ नका. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन अशी औषधे आहेत. त्यांनी काही काळ आठवण आणि रोजचे वागणे थोडे सावरते. डोनेपेझिलने काहींना मळमळते, नाडी मंद होते, म्हणून ती मनाने घेऊ नयेत. मेंदूतला तो थर काढणारी नवी इंजेक्शनेही निघाली आहेत. लेकानेमॅब नावाच्या इंजेक्शनाला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. पण ते सुरुवातीच्या अवस्थेतच देतात, त्याने आजार थांबत नाही, फक्त मंदावतो. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतो. शिवाय फार महाग.

म्हणून मोठा उपचार घरातच. वाद घालू नका. "आत्ताच तर जेवलात!" असे दहादा ओरडण्यापेक्षा मूठभर चुरमुरे हातात द्या. एका वेळी एकच गोष्ट सांगा. उठणे, अंघोळ, जेवण रोज त्याच वेळी ठेवा. जात्यावरच्या ओव्या, भजन म्हणायला लावा, पुष्कळांना ते शेवटपर्यंत आठवते. धान्य निवडू द्या, चुकले तर चुकू द्या. फवारणीचे औषध कुलपात ठेवा. ऐकू येत नसेल, मोतीबिंदू असेल, तर त्याची सोय आधी करा. आणि हे सारे एकट्या सुनेच्या गळ्यात घालू नका. रात्र रात्र जागून तीही आजारी पडेल. मुलांनी, दिरांनी, लेकींनी पाळ्या लावून घ्याव्यात.

वाट चुकण्याचा धोका मोठा. 'अस्तु' नावाचा मराठी चित्रपट आहे. त्यात मोहन आगाशे यांनी असा विसर पडलेला एक संस्कृत पंडित उभा केला आहे. तो हत्तीच्या मागे निघून जातो, आणि माहुताची बायको त्याला लेकरासारखे सांभाळते. शहरात निदान माणसे भेटतात. आपल्याकडे पावसाळ्यात धुके, जंगल, कडे, खाली डिंभ्याचे पाणी. म्हणून सदऱ्याच्या आत नाव, गाव आणि फोन नंबर शिवून ठेवा. शेजारी, दुकानदार, एसटीचे कंडक्टर यांना सांगून ठेवा. यात लाज कसली? मात्र बांधून ठेवू नका. आजारी माणसाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे.

जमिनीचेही बघा. समज गेलेल्या माणसाचा अंगठा कोणी गोड बोलून कागदावर घेऊन जातो. समज आहे तोवरच त्यांची इच्छा विचारून वकिलाच्या सल्ल्याने कागद करावेत, आणि ते करताना सगळी भावंडे हजर असावीत.

आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तेथून घोडेगाव किंवा जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात, मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात, किंवा गरज पडल्यास पुण्याला ससूनमध्ये पाठवतात. मनाच्या आजाराविषयी विचारायला सरकारचा टेलिमानस हा फोन आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत. नंबर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा.