चित्रपट शिकू पाहणाऱ्या भाच्यास

परभणी

चि. प्रसाद यास,

तुझे पत्र पावले. महाविद्यालयाच्या स्पर्धेसाठी गंगाखेडच्या संत जनाबाईंवर अर्ध्या तासाचा चित्रपट काढण्याचा तुझा मनोदय वाचून संतोष वाटला. परंतु ज्याने अद्याप एखादी साधी घरगुती क्रिया चार शॉटांत, प्रेक्षकाला सांधा न जाणवू देता, दाखविलेली नाही, त्याने संतचरित्राला हात घालण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दादासाहेब फाळक्यांनीही ही पायरी टाळली नव्हती. १९१२ साली विलायतेहून परतून कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी एकदम ‘राजा हरिश्चंद्र’ आरंभिला नाही. वाटाण्याचा दाणा रुजवून, दिवसामागून दिवस चौकटी टिपून, पडद्यावर रोप वाढताना दिसेल असा चिमुकला चित्रपट सिद्ध केला, त्याच्या बळावर भांडवलाची तजवीज केली, आणि मग ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात हरिश्चंद्र लोकांपुढे आला. त्या चित्रणाच्या काळात कॅमेरा बोटभर जरी सरकला असता, तरी रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसले असते. चित्रण तुकड्यातुकड्यांनी होते, पण स्थळ व काळ अखंड आहेत हा प्रेक्षकाचा विश्वास कोठेही ढळू न देणे, हेच कंटिन्युइटीचे मर्म होय.

तेव्हा तूर्त ताईची ज्वारीची भाकरी, एवढाच विषय घे. काठवटीत पीठ मळणे, भाकरी थापणे, ती तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरविणे, उलटणे आणि अखेर आरावर फुगविणे, यांत सर्व धडे सामावलेले आहेत. प्रथम ताई, चूल व दार ही तिन्ही दिसतील असा दूरचा शॉट घे. नंतर ताई व चूल यांना जोडणारी एक रेषा मनाशी कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूस ठेव. ती ओलांडलीस, की उजवीकडे असलेली चूल पुढच्या शॉटात डावीकडे जाईल व पाहणारा गोंधळेल. कोन बदलशील तो निदान तीस अंशांनी, आणि चौकटीचा आकारही ठळकपणे बदल. अन्यथा तोच शॉट अडखळल्यासारखा वाटेल. भाकरी उचलून तव्यावर टाकण्याची क्रिया दुरून आणि जवळून अशी दोन्हीकडे संपूर्ण टिप. त्यासाठी दुसरी भाकरी तशीच थापून तयार ठेवावी लागेल. प्रत्येक शॉट क्रियेच्या काही क्षण आधी सुरू करून काही क्षण उशिरा थांबवावा, म्हणजे संकलनात हात भाकरी उचलत असतानाच कट करण्याची मुभा राहील आणि हालचालीमागे धावणाऱ्या नजरेला सांधा दिसणार नाही.

चित्रणाचा रोजनामा ठेवण्यास मात्र चुकू नकोस. पदर कोठे होता, बांगड्या किती होत्या, काठवटीत पीठ किती उरले होते, भाकऱ्यांची चवड केवढी झाली होती, या सर्वांची शॉटवार नोंद करून प्रत्येक पुनरावृत्तीपूर्वी रुजुवात करावी. आपल्याकडचे सकाळचे तिरपे ऊन पाहता पाहता माथ्यावर येते. म्हणून सारे काम एकाच बैठकीत उरकावे आणि मोबाइलवरच्या चित्राचा प्रकाश व रंग आपोआप बदलणार नाहीत अशी खातरजमा करावी.

संकलनास बसण्यापूर्वी मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेव. प्रथम आवाज बंद करून केवळ चित्रे क्रमाने लाव. चुलीचा व थापण्याचा आवाज स्वतंत्रपणे सलग टिपून ठेवलेला असेल, तर तो सर्व कटांखालून अखंड वाहता ठेव. चित्रातील कित्येक लहान सांधे कान परस्पर बुजवून टाकतो. एका शॉटात पदर किंचित सरकलेला पण ताईचा हात सहज चाललेला, आणि दुसऱ्यात पदर जागच्या जागी पण हात अवघडलेला, असा पेच पडल्यास निःशंकपणे पहिला शॉट निवड, कारण नोंदवही निर्णयाला साहाय्य करण्यासाठी असते, हुकूम देण्यासाठी नव्हे.

पुढे कदाचित प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली उभ्या राहिलेल्या पुण्याच्या चित्रपट-शिक्षणाच्या संस्थेत जाण्याचा योग तुला येईल. तेथेही तुझी यंत्रे नव्हेत, सांधे जपण्याची ही सवयच उपयोगी पडेल. तेव्हा एका मिनिटाची ही भाकरी आधी निर्दोष जोडून मला दाखव, आणि मगच जनाबाईंच्या जात्याला हात घाल.

तुझा
मामा