अठरा महिने पगार नव्हता, तरी चूल कशी पेटली?

प्रश्न : माझे आजोबा मुंबईत लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. 1982 च्या संपात ते वाळवा तालुक्यातल्या गावी परत आले. घरात खाणारी सात तोंडं, आणि आजी सांगते की वर्ष-दीड वर्ष पगाराचा एक पैसा आला नाही. तरी घर चाललं. माझी चाकणच्या कारखान्यातली नोकरी जाऊन तीन महिने झाले. आम्ही चौघंच. किराणा जवळजवळ निम्म्यावर आणला, चहातलं दूधसुद्धा कमी केलं, तरी शिल्लक संपत आली आहे. त्या पिढीला जमली ती काटकसर आम्हाला का जमत नाही?
— एक वाचक, सध्या मुक्काम पुणे

उत्तर : आजोबांचं घर काटकसरीवर तगलं असं तुम्ही धरून चालला आहात. तिथेच माझं तुमच्याशी पटत नाही.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर पडले. त्यांत कोकणातले होते तसे सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे, मुंबईच्या भाषेत घाटावरचे, पुष्कळ होते. संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. हळूहळू काही जण कामावर गेले, बरेच कधीच गेले नाहीत.

आता हा घाटावरचा माणूस मुंबईत राहायचा कसा ते आठवा, किंवा आजीला विचारा. एका खोलीत दहा-पंधरा जण, सगळे एका गावचे नाही तर एका पट्ट्यातले. काही खोल्या तर गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेल्या. एकाची रातपाळी सुटली की दिवसपाळीवर गेलेल्याची जागा त्याला झोपायला मोकळी. माणशी भाडं किरकोळ. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबाने. बायको-मुलं बहुधा गावीच, आणि महिन्याला एक मनिऑर्डर. ती मनिऑर्डर तेलामिठाला, कापडाला, सोसायटीच्या कर्जाला जायची. ज्वारी रानातली होती, शेंगा रानातल्या होत्या, दूध गोठ्यातलं होतं.

म्हणजे पगार थांबला तेव्हा मुंबईतला खर्चही त्याच्याबरोबर थांबला. माणूस ताकारीला किंवा कऱ्हाडला उतरून घरी आला आणि दुसऱ्या दिवशी उसात भांगलणीला गेला. तुमचा पगार थांबला, पण पुण्यातला खर्च एक दिवसही थांबला नाही. खरा फरक इथे आहे. तुमच्या पिढीचा हात सैल आहे, हे काही त्याचं कारण नव्हे.

शिवाय त्या पिढीला आणखी दोन आधार होते, ज्यांचं नाव आजोबांच्या गोष्टीत सहसा येत नाही. एक, खानावळीच्या बायका. गिरणगावातल्या या बायकांनी संप आला म्हणून ताट बंद केलं नाही, उधारीवर जेवू घातलं. 1974 च्या संपातही त्यांनी हेच केलं होतं, आणि त्या बायका सावकाराच्या कचाट्यात कशा अडकतात हे पाहून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. अडीच लाखांच्या संपाचा इतिहास लिहिताना या उधारीचा आकडा कुणी मांडत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

दुसरा आधार रोजगार हमीचा. महाराष्ट्राचा तो कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्यामागचे वि. स. पागे तुमच्याच सांगली जिल्ह्याचे, आणि त्या कल्पनेचा सुरुवातीचा प्रयोग तासगाव तालुक्यातला. तेव्हा गावी परतलेल्याला नालाबंडिंग, रस्त्याची खडी, असं काहीतरी मागता येत होतं. काल साच्यावर उभा राहणारा माणूस आज पाटी उचलतोय, यात मानाचा प्रश्न होता. पण सगळा गाव तेच करत असला की त्याची धार कमी होते.

आणि ‘घर चाललं’ म्हणजे नेमकं काय, तेही आजीला एकदा निवांत बसवून विचारा. आमच्या घरी एक चुलतआजोबा संपातून परतलेले होते. लहानपणी त्यांच्या गोष्टी फार रसाळ वाटायच्या. मोठेपणी कळलं की त्या दीड वर्षात बोरमाळ गहाण पडली ती सुटली नाही, दुभती म्हैस विकली, आणि थोरल्या आत्याची शाळा सातवीत सुटली. ही काटकसर नव्हे. हा खर्च पुढच्या पिढीच्या नावावर टाकणं झालं. तुमच्या आजीच्या गोष्टीतही असं काहीतरी दडलेलं निघेल.

तर मग तुम्ही काय करायचं? आधी तुमचा हिशेब असा मांडून पाहा. समजा महिन्याचा खर्च 34,000 आहे : घरभाडं 9,000, गाडी आणि मोबाईलचे हप्ते 5,500, मुलांची शाळा आणि व्हॅन 5,000, वीज, गॅस, रिचार्ज 3,000, पेट्रोल 2,500, आणि किराणा, दूध, भाजी 9,000. जेवणाखाण्यात तिसरा हिस्सा कापलात, म्हणजे जवळजवळ उपास घडवलात, तरी वाचतात 3,000. खर्च उरतो 31,000. चहातलं दूध परत घाला. मुलांच्या पोटाला लावलेली कात्री सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात कमी वाचवते.

कात्री लावायची ती भाड्याला आणि हप्त्यांना. गावी घर असेल, आणि वाळव्याकडे असणारच, तर सत्र संपताना बिऱ्हाड हलवण्याचा विचार लाजेखातर टाळू नका. मुलाखतीला एसटीने पुण्याला येता येतं. हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. थकल्यावर गेलात तर तुमचं ऐकायची पद्धत बदलते.

आता येणं असलेला पैसा. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी तुमची आहे : शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. ती रक्कम 18,000 असेल आणि सहा वर्षं झाली असतील तर सुमारे 62,300 रुपये होतात. तुम्ही कायद्याच्या व्याख्येतले कामगार असाल आणि कंपनीने कपात केली असेल, तर दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार ही भरपाई वेगळी. तुम्ही ‘स्वेच्छेने राजीनामा’ लिहून दिला आहे का, ते पत्रात नाही. दिला नसेल तर देऊ नका, कारण त्या एका कागदाने ही भरपाई जाते. पगारातून ईएसआय कापली जात होती का, तेही पावतीवर पाहा. असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस मिळते, आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आधी शाखेत चौकशी करा. भविष्य निर्वाह निधीला हात लावावा लागला तर लावा, पण त्यातला पेन्शनचा भाग काढू नका. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. तुमची सहा झाली असतील तर स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा, पुढच्या नोकरीत ती सहा वर्षं जोडली जातात.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर गेला असेल. दवाखान्याच्या एका बिलाने सगळी काटकसर वाहून जाते, म्हणून रेशनकार्ड शोधा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सर्व रेशनकार्डधारकांना, पांढऱ्या कार्डालासुद्धा, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत लागू आहे. कार्डावर मुलांची नावं चढली आहेत ना, एवढं पाहून घ्या.

स्वयंपाकघराबद्दल थोडंच सांगतो. ‘भाकरी खा, स्वस्त पडेल’ असं सांगणाऱ्यांनी अलीकडे ज्वारी विकत घेतलेली नसते. आज ती बऱ्याचदा गव्हापेक्षा महाग असते. रानातली असेल तरच भाकरीने पैसे वाचतात. हुलगा मात्र अजून परवडतो. माडगं आणि शेंगोळ्या तुमच्या आजीकडून शिकून घ्या, आणि वर्षाची चटणी उन्हाळ्यात तिच्याबरोबरच डंकावर कुटून आणा. पाकिटातल्या मसाल्याच्या निम्म्यात पडते, हा आमचा दरवर्षीचा अनुभव.

राहता राहिली लाज. संपात अडीच लाखांची नोकरी एकाच दिवशी थांबली, म्हणून कुणाला कुणापासून लपवावं लागलं नाही. तुमची एकट्याची गेली, आणि माझा अंदाज असा की गावी तुम्ही अजून कुणाला सांगितलेलं नाही. पत्रावर पत्ता पुण्याचा आहे आणि नाव छापू नका अशी विनंती आहे. नाव छापलेलं नाही. पण या रविवारी आजीला फोन करून सांगा.

इतर वाचकांना एक विनंती. सातारा-सांगलीकडे कुणाच्या घरी 1982-83 मधली किराणा दुकानाची किंवा खानावळीची उधारीची वही जपून ठेवलेली असेल, तर तिच्या पानांची छायाप्रत आमच्याकडे पाठवा. मूळ वही पाठवू नका.