हार्ड डिस्क पहिल्यांदा वाचतं कोण?

प्रश्न : घरातला जुना डेस्कटॉप विंडोज ११ ला पेलणारा नव्हता, म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स मिंट घातलं. सगळं सुरळीत चालू होतं. परवा जोरदार पावसात वीज गेली, आली, लगेच परत गेली. तेव्हापासून संगणक लावला की काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी येतात आणि शेवटी कंसात 'इनिटरॅमएफएस' हा शब्द व पुढे लुकलुकणारा कर्सर. डिचोलीतला दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. आत भजनी मंडळाचा जमाखर्च आहे, मुलीचे फोटो आहेत. दुसरी शंका निव्वळ कुतूहलाची : लिनक्स असतं हार्ड डिस्कवर, आणि हार्ड डिस्क वाचायला लागतं लिनक्स. मग पहिल्यांदा ती वाचतं कोण?
— एक वाचक, सर्वण, ता. डिचोली

उत्तर : फॉरमॅट तूर्त करू देऊ नका. कुतूहलाची म्हणून तुम्ही जी शंका मागे ठेवलीत, तिच्यातच पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

बटण दाबलं की प्रोसेसरला काहीच ठाऊक नसतं. हार्ड डिस्क म्हणजे काय, हेही नाही. त्याला एवढंच शिकवलेलं असतं की जाग आली की एका ठरलेल्या पत्त्यावर जायचं आणि तिथे लिहिलेली सूचना पाळायची. त्या पत्त्यावर हार्ड डिस्क नसते. मदरबोर्डवर डाळीच्या दाण्याएवढी एक चिप असते, तिच्यातला मजकूर असतो. वीज गेली तरी तो पुसला जात नाही. हा मजकूर म्हणजे फर्मवेअर. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हापासून त्याला बायॉस म्हणतात, आणि त्याच्या नव्या पिढीला यूईएफआय. मेमरी, कीबोर्ड, पडदा, डिस्क जागेवर आहेत का, ते हा तपासतो. म्हणजे डिस्क पहिल्यांदा वाचणारा तो. पण त्याचं वाचन अगदी प्राथमिक. जुना बायॉस डिस्कचे पहिले फक्त ५१२ बाइट उचलतो. त्यांतही प्रोग्रामसाठी जागा ४४६ बाइटची. उरलेल्या जागेत विभागांचा तक्ता आणि एक खूण. यूईएफआय थोडा अधिक शिकलेला आहे. फॅट पद्धतीचा एक छोटा विभाग तो उघडू शकतो आणि त्यातली फाईल चालवतो.

फर्मवेअर अशा रीतीने ज्याला उठवतो तो ग्रब. लिनक्सच्या लाखो संगणकांवर हाच बूटलोडर असतो. तुमच्या डिस्कवरची फाईलरचना (मिंट सहसा ईएक्सटी४ वापरतं) वाचण्यापुरतं ज्ञान ग्रबपाशी असतं. तो दोन फाईली मेमरीत आणून ठेवतो : एक लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, आणि दुसरी इनिटरॅमएफएस. मग कर्नेलच्या हाती सूत्रं देऊन ग्रब बाजूला होतो.

आता ही दुसरी फाईल कशाला? तर तुमचीच शंका इथे पुन्हा उभी राहते. जगातल्या हरतऱ्हेच्या डिस्कांसाठी लागणारे ड्रायव्हर कर्नेलमध्ये कोंबले तर तो अवजड होईल, म्हणून ते वेगळे ठेवले. कुठे ठेवले? डिस्कवर. मग डिस्कचा ड्रायव्हर डिस्कवरून आणणार कसा? तोड अशी काढली की सुरुवातीला लागतील तेवढे ड्रायव्हर आणि चार हत्यारं एका गाठोड्यात बांधायची आणि ग्रबकडून ते थेट मेमरीत आणवायचं. कर्नेल त्या तात्पुरत्या बिऱ्हाडातून डिस्क तपासतो, जोडतो, आणि मग खऱ्या घरात जातो. तिथे सिस्टमडी नावाचा कारभारी एकेक सेवा सुरू करतो आणि शेवटी लॉगिनचा पडदा येतो.

तेव्हा तुम्हाला दिसणारा शब्द हा बिघाडाचं नाव नव्हे, ठिकाणाचं नाव आहे. तुम्ही घराच्या सोप्यावर पोचला आहात, आतलं दार तेवढं उघडत नाही. यावरून बरंच कळतं. प्रोसेसर, मेमरी, फर्मवेअर, ग्रब, कर्नेल यांनी आपापलं काम बहुधा नीट केलं आहे. मिंटची साधी मांडणी असेल तर कर्नेलची फाईलही त्याच विभागात असते, म्हणजे निदान तेवढा भाग तरी ग्रबला वाचता आला. अशा संगणकावर फॉरमॅट मारणं म्हणजे रोग न शोधता रोग्यालाच बदलणं. दुरुस्तीवाल्याला मी फारसा दोष देत नाही. त्याच्याकडे रांग असते, आणि फॉरमॅटला किती वेळ लागेल ते त्याला आधीच माहीत असतं. पण जमाखर्च त्याचा नाही, तुमचा आहे.

दार का उघडत नाही, ते त्या शब्दाच्या वरच्या ओळींत लिहिलेलं असतं. त्या वर सरकून गेल्या असतील तर तिथेच 'एक्झिट' टाईप करून एंटर दाबा. बहुधा कारण पुन्हा छापून येतं. (आज्ञा अर्थात रोमन अक्षरांत द्यायच्या, इथे मी उच्चार देतो आहे.) मोबाईलवर त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. भाच्याला फोनवरून 'काहीतरी इंग्रजी आलंय' असं सांगण्यापेक्षा तो फोटो शंभरपट कामाचा.

'अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली' असं असेल, आणि तुम्ही सांगता त्या विजेच्या खेळानंतर मला तेच अपेक्षित आहे, तर डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहिल्या आहेत. ईएक्सटी४ आपल्या नोंदींत बदल करण्याआधी तो एका रोजनाम्यात टिपून ठेवतं, म्हणून एकदा वीज गेली तर सहसा काही बिघडत नाही. पुढच्या वेळी रोजनामा वाचून ते स्वतःच हिशोब जुळवतं. पण वीज आली, संगणक उठू लागला, जुळवाजुळव चालू असतानाच पुन्हा गेली, की जुन्या डिस्कवर गुंता होऊ शकतो. मग यंत्र स्वतःच्या जबाबदारीवर दुरुस्ती करत नाही, माणसाची परवानगी मागतं.

ती द्यायची अशी. संदेशातच विभागाचं नाव असतं, बहुतेक 'डेव्ह एसडीए२' किंवा तत्सम, दोन तिरक्या रेघांसह. टाईप करा : एफएससीके, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि वाय, पुन्हा जागा सोडून ते नाव, जसंच्या तसं. वायचा अर्थ 'विचाराल त्या प्रत्येक प्रश्नाला होय'. ओळी धावतील. थांबल्या की 'एक्झिट' किंवा 'रीबूट'. बहुसंख्य संगणक एवढ्यावर उभे राहतात. नंतर 'लॉस्ट+फाउंड' या फोल्डरात नावं हरवलेल्या, नुसते आकडे चिकटवलेल्या काही फाईली सापडतील. वीज जाण्याआधीच्या काही सेकंदांत जे लिहिलं जात होतं ते मात्र गेलेलं असू शकतं. रोजनामा रचना वाचवतो, तुमचा शेवटचा परिच्छेद नाही.

पण थांबा. ही आज्ञा देण्याआधी पडद्यावर कुठे 'आय/ओ एरर' असे शब्द दिसतात का, आणि डब्यातून टक्-टक् असा नियमित आवाज येतो का, ते पाहा. तसं असेल तर प्रकरण नोंदींचं नाही, डिस्क स्वतःच संपत आली आहे. अशा डिस्कवर दुरुस्ती चालवली तर उरलंसुरलं बिघडतं. भाच्याने मिंट ज्या पेन ड्राइव्हवरून घातलं तो शोधा. त्याच्यावरून संगणक थेट चालतो, हार्ड डिस्कवर काही न लिहिता. फाईलींची खिडकी उघडा, आधी जमाखर्च आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. फाईली उघडतच नसतील तर जाणकाराला 'डीडीरेस्क्यू' वापरायला सांगा. ते आधी धडधाकट भाग उतरवतं आणि खराब जागांच्या मागे शेवटी लागतं. 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्राममध्ये डिस्कच्या प्रकृतीचा अहवालही मिळतो. त्यात बदललेल्या आणि अडकून पडलेल्या सेक्टरांचे आकडे वाढताना दिसले, की नवी डिस्क घ्या आणि वाद घालू नका.

दुसरी शक्यता निराळीच. वरच्या ओळीत 'अॅलर्ट', मग एक लांबलचक ओळखक्रमांक, आणि 'डज नॉट एक्झिस्ट' असेल, तर डिस्क बिघडलेलीच असेल असं नाही, कर्नेलला ती सापडत नाही एवढंच. ग्रब डिस्क वाचतो फर्मवेअरच्या मदतीने, कर्नेल वाचतो स्वतःच्या ड्रायव्हरने, त्यामुळे एकाला दिसते आणि दुसऱ्याला नाही असं होऊ शकतं. जुन्या डेस्कटॉपमध्ये यामागे एक क्षुल्लक वस्तू असू शकते : मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. फर्मवेअरच्या सेटिंग्ज आणि घड्याळ तो सांभाळतो. सेल मेलेला असला तरी भिंतीतली वीज चालू आहे तोवर कुणाला पत्ता लागत नाही. पावसात चार तास वीज गेली की यंत्र सगळं विसरतं : तारीख कित्येक वर्षं मागे जाते, डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची तेही मूळपदावर येतं. तारीख चुकली की डिस्कची तपासणीही बुचकळ्यात पडते, कारण 'शेवटची नोंद भविष्यातली' असं तिला दिसतं. तेव्हा संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून फर्मवेअरमध्ये जा आणि तारीख बघा. चुकीची असेल तर सेल बदला, किरकोळ किमतीचा असतो. डिस्कची केबलही एकदा काढून घट्ट बसवा, उन्हाळ्या-पावसाळ्यात ती सैल होते.

डबा उघडलाच आहे तर आतली तांबडी धूळही ब्रशने काढा. खाणींच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नको. पावसाळी दमटपणाशी तिची गाठ पडली की मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात मळतात, आणि मग संगणक पडद्यावर काहीच न दाखवता नुसता पिपाण्या वाजवतो. पट्टी काढून दात खोडरबराने हलकेच घासायचे ही आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांची जुनी युक्ती. ती खरोखर चालते.

हीच पद्धत इतर ठिकाणीही लावता येते. कुठे अडलं ते पाहा, मागचे सगळे सुटले. पडद्यावर नुसतं 'ग्रब रेस्क्यू' आलं तर ग्रबला स्वतःचाच फोल्डर सापडत नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू करून ग्रब परत बसवावा लागतो, डेटाला धक्का लागत नाही. एकाच यंत्रावर विंडोजही असेल तर एखाद्या अपडेटनंतर असे प्रकार होतात. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जगभरातल्या अनेक दुहेरी संगणकांवर लिनक्स सुरूच होईना, 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणून यंत्र बंद पडू लागलं. तिथे डिस्क निर्दोष होती. लिनक्सच्या अपडेटनंतर काळा पडदा आला तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची यादी आणा आणि 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नेल निवडा. मिंट जुना कर्नेल मागे ठेवतं ते यासाठीच.

राहता राहिली वीज. जून ते सप्टेंबर झाडं तारांवर पडणार, आणि मेअखेरीस व ऑक्टोबरात गडगडाट होणार. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, पण यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी नव्हे, नीट बंद करण्यासाठी असतो. त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि तसं सांगत नाही. यूएसबी केबल असलेला घेतलात तर मिंट बॅटरी उतरताना स्वतःहून बंद होऊ शकतं. आणि वीज चार-पाच मिनिटं स्थिर राहीपर्यंत बटण दाबू नका. तुमच्या संगणकाचं नुकसान बहुधा दुसऱ्यांदा गेलेल्या विजेने केलं आहे.

भाच्याने चूक केली असं मात्र समजू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि चांगली चालती यंत्रं भंगारात काढण्यापेक्षा त्याचा मार्ग शहाणपणाचा आहे. गोव्याला तो नवाही नाही. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या स्वयंसेवी उपक्रमाने परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून इथल्या शाळांना दिले होते.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. सुरू होताना 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' असं म्हणत दीड मिनिट मोजत बसतो, मग नीट चालतो. हार्डवेअर गेलं का?
— एक विद्यार्थिनी, पेडणे

उत्तर : नाही. तो कुणाची तरी वाट बघतो आहे. सिस्टमडीने ठरवलेली कमाल वाट ९० सेकंदांची, ती तुम्ही अचूक मोजली. बहुधा कधीतरी बाहेरची डिस्क किंवा दुसरा विभाग कायमचा जोडून ठेवलात आणि आता तो काढला आहे. कोणते विभाग जोडायचे याची यादी 'ईटीसी' फोल्डरातल्या 'एफएसटॅब' फाईलीत असते. तिथली शिळी ओळ शोधा, आधी फाईलीची प्रत काढा, आणि त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह टाका. डिस्क अधूनमधून लावत असाल तर ओळ काढू नका, पर्यायांच्या रकान्यात 'नोफेल' लिहा, म्हणजे ती नसली तरी लॅपटॉप अडून राहणार नाही. त्याच्या जोडीला वाट पाहण्याची मुदतही पाच सेकंदांवर आणता येते. ओळ कोणती ते कळत नसेल तर टर्मिनलमध्ये 'सिस्टमडी-अॅनलाइझ ब्लेम' द्या. सुरू झालेल्या सेवांपैकी कुणी किती वेळ खाल्ला त्याची उतरत्या क्रमाने यादी येईल. जी वाट पाहून शेवटी फसली, ती सापडायला 'जर्नलसीटीएल', मग उणे बी, ही आज्ञा द्या आणि 'टाइम्ड आउट' हे शब्द शोधा.