शेजाऱ्याचे हित आणि आपला व्यवहार

पाठ : रूथ, अध्याय २. सोबत वाचावे : लेवीय १९:९-१०.

बवाज हा व्यवहारी शेतकरी होता. तरी त्याने रूथेस सरवा वेचू दिला, इतकेच नव्हे, तर तिच्यासाठी पेंढ्यांतून काही मुद्दाम टाकण्यास कापणाऱ्यांस सांगितले. असे वर्तन शास्त्रात शोभते, बाजारात नाही, असे कित्येक म्हणतात. ते आपण तपासून पाहू.

आडम स्मिथ ह्या पंडिताने १७७६ साली दाखविले की, दुकानदार आपणांस माल देतो तो दयेने नव्हे, स्वहितासाठी. हे खरे आहे. मोरगावच्या दुकानीही मीठ फुकट मिळत नाही. परंतु त्याच पंडिताने १७५९ च्या ग्रंथात, मनुष्यास दुसऱ्याच्या सुखदुःखाचीही ओढ असते, असे आरंभीच लिहिले. तो ग्रंथ फारसा कोणी उघडीत नाही!

केवळ स्वहितावर गावची पत टिकते काय? मोरगावाजवळील सुपे येथे काय घडले ते पाहा. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपून कापसाचा भाव उतरला, पुढे सारा वाढला, आणि सावकारांनी हात आखडला. १२ मे १८७५ रोजी रयतेने सावकारांची दुकाने लुटली. पुढे गावोगाव रोखे जाळले गेले. ह्यात रयतेचे वर्तन आम्ही निर्दोष म्हणत नाही. तथापि ज्याने त्याने आपलेच पाहिले, त्याची ती राख होती. १८७९ च्या कायद्याने कोर्टात काही आसरा मिळाला. शेजारी मात्र कायद्याने मिळत नाही.

जर्मनीत राइफायझेन नावाचा प्रॉटेस्टंट ग्रामाधिकारी होता. १८४६-४७ च्या दुष्काळात त्याने गरिबांस भाकरी पुरविली. पण श्रीमंतांच्या दानावर चालणारी मंडळे थकतात, हे त्यास अनुभवाने कळले. म्हणून १८६४ साली त्याने अशी पतपेढी काढली की, कर्ज घेणारे तेच सभासद, आणि एकाच्या कर्जास सर्व जामीन. आपल्या देशातील १९०४ च्या कायद्याने खेड्यांत अशाच पेढ्या निघाल्या. जामीन राहणाऱ्यास शेजाऱ्याच्या बैलाचीही काळजी करावी लागते. ह्यात परहित किती व स्वहित किती, हे आम्हांस वेगळे काढता येत नाही.

ट्रॅक्टर येण्यापूर्वी आपल्याकडे सावड होती व इर्जिकही होती. सावडीत दिलेले काम परत मिळे. इर्जिकीस लोक आपले नांगर-बैल घेऊन येत व जेवणावर काम करून जात. ज्याच्या दारी बैल नव्हते, त्याच्या शेतात कोण जात असे, हे उपदेशकांनी मंडळीतील वृद्धांस विचारावे व त्यांचे उत्तर वर्गापुढे ठेवावे.